आईची साक्ष

सरस्वतीपूजनाच्या दिवशी आमच्या शाळेत शिऱ्याचा प्रसाद असतो. दोन वर्षांपूर्वी मी तो वाटत होतो. चौथीतली एक मुलगी हात पुढे करीना. मुलगी अंगाने किरकोळ, वर्गात अबोल. कधी कधी विनाकारण चिडणारी म्हणून आम्हा शिक्षकांत थोडी प्रसिद्ध. "आईने नको म्हटलंय," एवढेच ती पुटपुटली. मी मास्तरी आवाजात म्हणालो, "प्रसादाला नाही म्हणू नये." तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा द्रोणाकडे पाहिले आणि खाल्ला. पुढे चार दिवस ती शाळेत आली नाही.

पाचव्या दिवशी तिची आई आली. भांडायला आली असेल अशा समजुतीने मी आधीच आवाज चढवून तयार होतो. ती बाई शांतपणे म्हणाली, "गुरुजी, तिला गहू चालत नाही. रवा म्हणजे गहूच. तुम्ही दिलंत म्हणून तिनं खाल्लं, त्याचं मी तिला बोलले नाही. पण आता ती मला विचारते, आई, गुरुजी खोटं बोलतात की तू?"

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजूनही पुरते नाही. पण त्या प्रश्नापायी मी एका आजाराचा इतिहास वाचू लागलो. वैद्यकशास्त्रात मला गती नाही. मी मॅट्रिक झालेला मास्तर, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. तेव्हा कादंबरीकाराला जे दिसते तेच मला त्या इतिहासात दिसले. आतड्याच्या ह्या विकाराची हकीकत ही मुळात एका साक्षीची हकीकत आहे. मूल बोलू शकत नाही, आई बोलते. आणि तिचे बोलणे खरे मानायचे की नाही, हे ठरविणारे लोक तिसरेच असतात.

आजाराचे नाव सीलिअक. पोटाला ग्रीक भाषेत कोइलिआ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. कॅपाडोशियाच्या अरेटीअस नावाच्या वैद्याने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात पोटाच्या अशा एका जुनाट विकाराचे वर्णन लिहून ठेवले. पण त्याच्या डोळ्यांपुढे होती ती मोठी माणसे. लहान मुलांतला हा आजार नीट ओळखला तो लंडनच्या डॉ. सॅम्युएल गी यांनी. 5 ऑक्टोबर 1887 रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या बालरुग्णालयात त्यांनी त्यावर व्याख्यान दिले आणि पुढल्या वर्षी ते छापून आले. एक ते पाच वर्षांची मुले, पातळ, फिकट, दुर्गंधीयुक्त शौचास होणे, हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे, वाढ खुंटलेली. असे मूल आपल्याकडच्या कुठल्याही आळीत दिसले असते तर त्याला मुडदूस झाला, जंत झाले किंवा दृष्ट लागली, यांपैकी काहीतरी म्हणून लोक मोकळे झाले असते. गी तसे मोकळे झाले नाहीत. त्यांनी निक्षून सांगितले की हे मूल बरे व्हायचेच असेल तर ते आहारानेच होईल.

आणि मग आहार कोणता? येथे नियतीने त्या थोर माणसाची थट्टा केलेली दिसते. भात, साबुदाणा, मक्याचे पीठ हे पिष्टमय पदार्थ त्यांनी अयोग्य ठरविले आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेल्या पावाला परवानगी दिली! म्हणजे जे निरुपद्रवी होते ते बंद आणि जे विष होते ते चालू. त्यांच्याच लेखात एका मुलाची हकीकत आहे. त्याला रोज भरपूर डच शिंपले खाऊ घातले तेव्हा ते आश्चर्यकारक सुधारले. शिंपल्यांचा हंगाम संपला तसे पुन्हा ढासळले. पुढल्या हंगामी ते मूल शिंपल्यांना तोंड लावीना. मला ह्या मुलाची फार आठवण येते. एकच पदार्थ रोज ताटात पाहून त्याला काय वाटले असेल? एका पोराच्या हट्टामुळे डॉक्टरांचा प्रयोग तेथेच थांबला, एवढे मात्र इतिहासात नोंदले गेले.

गी यांनी आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली: मेलेल्या मुलांची शरीरे उघडून नुसत्या डोळ्यांनी पाहिली, तरी रोगाच्या स्वरूपाचा उलगडा होत नाही. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. शरीरात काही दिसले नाही की दोष कुठेतरी दुसरीकडे शोधण्याची माणसाची खोड असते, आणि पुढल्या साठ-सत्तर वर्षांत ती खोड मुलांना आणि त्यांच्या आयांना बरीच भोवली.

गींच्या मागून आलेल्या सर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांची गोष्ट तर ह्या विषयात चपखल बसते. इंग्लंडमधले बालरोगांचे ते पहिले प्राध्यापक. 1902 साली त्यांनी लंडनमध्ये जी व्याख्याने दिली ती मुलांच्या मनासंबंधी होती. बुद्धी चांगली असूनही जी मुले स्वतःला आवरू शकत नाहीत, भडकतात, ऐकत नाहीत, त्यांच्या वागण्याचे त्यांनी बारकाईने वर्णन केले. 'नैतिक संयमाचा अभाव' असे त्याला नाव दिले. आजचे डॉक्टर मुलांच्या चंचलतेच्या विकाराचा इतिहास सांगताना तेथूनच आरंभ करतात. त्याच स्टिल यांनी 1918 साली सीलिअक विकारावर व्याख्याने दिली आणि त्यांत एक गोष्ट नोंदविली: पिष्टमय पदार्थांत पाव हा विशेषच बाधतो. अगदी दाराशी येऊन पोहोचले होते! पण पावाला पुरेसा पर्याय आपल्याला ठाऊक नाही असे म्हणून ते पुढे गेले. पावावाचून जेवण ही कल्पनाच इंग्रज मनाला पेलण्यासारखी नव्हती. आपल्याला जसे भात-भाकरीवाचून काही सुचत नाही तसे. मन आणि आतडे ह्या दोन्ही विषयांवर अधिकाराने बोललेला हा मनुष्य. त्याच्या एका हातात चिडके मूल होते, दुसऱ्या हातात पोट फुगलेले मूल होते. हे दोन्ही कधीकधी एकच मूल असते, हे कळायला अजून पुष्कळ काळ जायचा होता.

अमेरिकेत काही निराळाच प्रकार चालला होता. न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी 1924 साली दहा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी आठांना त्यांनी केळ्यांच्या आहारावर ठेवले, ती वाचली. दोघांना तो आहार दिला नव्हता, ती दगावली. पोर्तो रिको बेटावर पाव खाणाऱ्या शहरी लोकांना अतिसाराचा एक जुनाट विकार होतो आणि केळ्यांवर राहणाऱ्या शेतकऱ्यांना होत नाही, हे त्यांनी हेरले होते. त्यांच्या आहारात पाव, बिस्किटे, बटाटे, सगळी धान्ये वर्ज्य. मुले वाचली ती पाव सुटल्यामुळे. श्रेय मात्र केळ्यांनी घेतले. हास 1964 पर्यंत जगले. त्या वेळेपर्यंत गव्हाचा दोष सिद्ध होऊन बरीच वर्षे लोटली होती, पण त्यांनी आपली केळी सोडली नाहीत. थोर माणसांचे असे होते. त्यांच्या पद्धतीचा दुसरा तोटा असा, की मूल एकदा बरे झाले म्हणजे ते कायमचे बरे झाले असा समज पसरला. ती मुले पुन्हा पावाकडे वळली आणि मोठेपणी दुखणी काढीत राहिली.

तथापि मला खटकते ते केळ्यांचे नाही. ह्या आजाराची मुले तेव्हा महिनेच्या महिने इस्पितळात ठेवीत. घरी आई लाडाने काहीतरी भरवील, पथ्य मोडील, ही धास्ती. आणि इस्पितळांचे नियम असे, की आज ऐकून विश्वास बसू नये. लंडनच्या इस्पितळांत आईबापांना भेटीची वेळ काय असते, याची एक यादी 1949 साली प्रसिद्ध झाली होती. सेंट बार्थोलोम्यूज हे डॉ. गी यांचे इस्पितळ; तेथे बुधवारी दुपारी दीड तास. सेंट टॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाहीच. संध्याकाळी सात ते आठ मूल झोपलेले असेल तेव्हा दुरून बघून जावे. आणखी एका इस्पितळात तीन वर्षांखालच्या मुलाला भिंतीच्या काचेतून पाहायचे. भेट झाल्यावर मुले रडतात, अस्वस्थ होतात, तेव्हा भेटच नको, असा त्यामागे विचार होता. चार दिवसांनी मूल रडायचे थांबे. मग परिचारिका म्हणत, रुळले.

हे 'रुळणे' म्हणजे काय ते जेम्स रॉबर्टसन नावाच्या एका समाजसेवकाने जगाला दाखविले. 1952 साली त्याने एका अडीच वर्षांच्या मुलीचा इस्पितळातल्या आठ दिवसांचा चित्रपट तयार केला. मुलगी फारशी रडत नाही. पण तिचा चेहरा दिवसेंदिवस विझत जातो. डॉक्टरमंडळी आधी चिडली. पुढे 1959 साली ब्रिटनमध्ये सरकारी समितीचा अहवाल आला आणि आईबापांना मुलाजवळ मुक्तपणे येऊ द्यावे असे त्यात सांगितले गेले. ही मुलगी सीलिअकची नव्हती, तिचे दुसरेच काही शस्त्रकर्म होते. पण आठ दिवसांत जर हे होते, तर सहा-सहा महिने केळी खात त्याच खाटेवर बसलेल्या मुलांचे काय झाले असेल? पोट बरे होत असताना आत दुसरेच काही आजारी पडत होते. पुढे ती घरी परतत तेव्हा आईला ओळखीनाशी झालेली असत, किंवा मग तिचा पदर सोडीत नसत. आणि लोक म्हणत, आजाराने पोर हेकट झाले.

याच सुमारास आणखी एक वारा वाहत होता. मानसशास्त्राचे दिवस आले होते. मुलाच्या प्रत्येक बिघाडाचे मूळ आईच्या वागण्यात शोधण्याची एक रीत पडली होती. आत्ममग्न मुलांचा विकार ज्यांनी प्रथम वर्णिला त्या लिओ कॅनर यांनीच 1949 साली अशा मुलांच्या आईबापांच्या थंडपणावर बोट ठेवले आणि त्यातून 'फ्रिजसारख्या थंड आया' हा भयंकर शब्दप्रयोग रूढ झाला. सीलिअकच्या मुलांवरही तीच नजर वळली. 1951 साली अमेरिकेत मनोकायिक वैद्यकाच्या एका नियतकालिकात डॉ. डेन प्रू यांचा लेख आला. सीलिअक विकारात भावनिक कारणांचा वाटा काय, हा त्याचा विषय. रोगाचे कारण सापडत नव्हते, मुले चिडकी होती, आया काळजीने अर्ध्या झालेल्या होत्या. तेव्हा चिडकेपणा आणि काळजी हीच कारणे असतील, असे कोणाला वाटले तर त्यात नवल ते काय! कार्य आणि कारण यांची अशी अदलाबदल आम्ही शाळेतही रोज करतो. पोर अभ्यासात मागे का, तर घरचे लक्ष नाही म्हणून.

प्रू यांच्यावर मी अन्याय करू इच्छीत नाही. दोनच वर्षांनी, 1953 साली, इस्पितळात ठेवलेल्या मुलांवर आणि त्यांच्या कुटुंबांवर काय मानसिक परिणाम होतो याचा अभ्यास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. आईबापांना सढळ हाताने भेटू दिले तर मुलांचा त्रास कमी होतो, हे दाखविणाऱ्या आरंभीच्या अभ्यासांत त्याची गणना होते. म्हणजे मनाकडे पाहणारा डोळा चांगलाच होता. फक्त मन हे मूळ की फळ, एवढेच चुकले होते. दुर्दैव असे, की प्रू यांचा लेख छापला जात होता तेव्हा खरे कारण हॉलंडमध्ये एका प्रबंधात वर्षभर आधीच लिहून झालेले होते.

आता हेग शहरात जाऊ. तेथल्या ज्युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख म्हणून 1936 साली विलेम कारेल डिके या अवघ्या एकतीस वर्षांच्या डॉक्टरांची नेमणूक झाली. डिके जन्माने डोर्ड्रेख्तचे, 1905 सालचे. त्यांच्या पत्नीने पुढे म्हातारपणी सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. साधारण 1936 च्याच सुमाराची. सीलिअकने आजारी असलेल्या एका मुलाची तरुण आई त्यांना म्हणाली, की ह्याच्या जेवणातून पाव काढला की अंगावरचे पुरळ झपाट्याने जाते. बस्स, एवढेच. असे सांगणाऱ्या आया डिके यांच्या आधीच्या डॉक्टरांनाही भेटल्या असतीलच. जगात आया नेहमी असेच काहीतरी सांगत असतात: ह्याला हे सोसत नाही, तिला ते खाल्ले की खोकला येतो. डॉक्टर मान हलवितो आणि औषध लिहितो. डिके यांनी औषध लिहिण्याआधी ते ऐकले. त्या बाईचे नाव कुठे नोंदलेले नाही. शिंपले नाकारणाऱ्या पोराचेही नाही. इतिहासाच्या दारातून नावे आत जातात ती वेचूनच.

डिके यांनी मग गव्हावाचून आहाराचे प्रयोग सुरू केले आणि 1941 साली आपल्या भाषेतल्या वैद्यकीय नियतकालिकात एक साधा आहार प्रसिद्धही केला. त्यानंतर आला तो 1944-45 चा हिवाळा. डच लोक त्याला भुकेचा हिवाळा म्हणतात. सप्टेंबर 1944 मध्ये रेल्वे कामगारांनी संप पुकारला. जर्मनांनी सूड म्हणून पश्चिम हॉलंडकडे जाणारे धान्य अडविले. लोकांनी बीट खाल्ले, ट्यूलिपचे कांदे उकडून खाल्ले. वीस हजारांच्या आसपास माणसे मेली. अशा त्या वणव्यात डिके यांच्या वॉर्डातली सीलिअकची मुले मात्र सुधारत होती, कारण पावच नव्हता. मग मदतीचा पाव आला. सारे शहर आनंदले आणि ती मुले पुन्हा आजारी पडली.

ही गोष्ट इतकी सुंदर आहे की ती सांगण्याचा मोह कोणालाच आवरत नाही, आणि म्हणून तिच्याकडे थोडे संशयाने पाहिले पाहिजे. दुष्काळाने डिके यांना शोध लावून दिला असे लोक म्हणतात. ते बरोबर नाही. संशय त्यांना आधीच होता, आहार छापून झाला होता. दुष्काळाने फक्त दुजोरा दिला. विमानातून पडलेल्या पावाची गोष्ट जगाने लक्षात ठेवली, आईच्या वाक्याची ठेवली नाही. गोष्टी लिहिणाराच मीही आहे. विमान मलाही अधिक आवडले असते.

खरे काम युद्धानंतरचे. डिके यांच्याकडे मुलांच्या वजनाचे वर्षानुवर्षांचे आलेख होते. गहू बंद असेपर्यंत रेघ वर चढे, गहू सुरू झाला की वाकडी होऊन खाली येई. उत्रेख्तचे रसायनतज्ज्ञ व्हान द कामर यांनी शौचातली चरबी मोजण्याची पद्धत बसविली होती. बालरोगतज्ज्ञ वायर्स सोबतीला आले. शरीरात चरबी किती मुरते आणि किती वाया जाते, यावरून अन्न बाधले की नाही ते आकड्यात सांगता येऊ लागले. गहू आणि राय बाधतात. भात, मका, बटाटा बाधत नाहीत. पुढे गव्हातला नेमका कोणता भाग बाधतो हेही निघाले. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजवून वाटतात, चीक वेगळा काढतात आणि चोथा गुरांना घालतात. जवळजवळ तसेच त्यांनी केले. पांढरा चीक, म्हणजे पिष्ट, मुलांना बाधला नाही. कणीक पाण्याखाली धूत राहिले असता शेवटी हातात जो रबरासारखा चिवट गोळा उरतो, तो बाधला. तेच ग्लूटेन. (म्हणून कुरडया अशा मुलांना चालतील असे कोणी समजू नये; घरच्या चिकात ते थोडेफार राहतेच.) 1950 साली उत्रेख्त विद्यापीठात डिके यांचा प्रबंध मान्य झाला आणि 1952 साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे त्याला पुष्टी दिली.

ह्या प्रयोगांत एक गोष्ट आहे ती शास्त्रज्ञ पटकन सांगून टाकतात, मला तेथे थांबावेसे वाटते. गहूच दोषी हे सिद्ध करायचे तर बऱ्या झालेल्या मुलाला पुन्हा गहू द्यावा लागे. म्हणजे गाल भरलेले, हसू लागलेले मूल समजूनउमजून पुन्हा आजारी पाडायचे. त्यावाचून पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून पुढल्या हजारो मुलांची सुटका नाही. डिके यांच्या मनात त्या वेळी काय होते हे कोठे वाचायला मिळत नाही. ते 1962 साली वारले.

डोळ्यांना दिसणारा पुरावा आला तो 1954 साली. इंग्लंडमधल्या डॉ. पॉली यांनी शस्त्रक्रियेत काढलेले आतड्याचे तुकडे तपासले. निरोगी आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्नरस शोषून घेते ती तीच. ह्या रोग्यांत तिचा नाश झालेला होता. दोन-तीन वर्षांत तोंडावाटे नळी घालून, पोट न फाडता, असा तुकडा काढण्याची साधने निघाली. डॉ. गी यांना नुसत्या डोळ्यांनी जे दिसले नव्हते ते सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसले. दोष स्वभावात नव्हता, आईच्या मायेत नव्हता, कणकेत होता.

एवढ्यावर आई सुटली का? मला वाटते, सुटली नाही; तिच्यावरचा आरोप बदलला. पूर्वी आरोप होता की तुझ्यामुळे मूल आजारी आहे. आता आरोप असा, की तू फार बाऊ करतेस. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. जन्मभर गहू, जव, राय वर्ज्य, एवढाच उपाय आजही आहे. म्हणजे उपचार करणारे इस्पितळ स्वयंपाकघरात आले आणि त्यातली परिचारिका, स्वयंपाकीण, पहारेकरी अशी सगळी पदे एकाच बाईकडे गेली. मुलगा दुसऱ्याच्या घरी जेवला तर चूक तिची, न जेवला तर शिष्टपणाही तिचाच.

मनाकडे शास्त्र पुन्हा वळले आहे ते आता निराळ्या नजरेने. चिडचिड, रडवेपणा ही ह्या रोगाची लक्षणेच होत. गहू सुटला की वजन वाढण्याच्या आधी मुलाचा स्वभाव निवळू लागतो, हा बालरोगतज्ज्ञांचा जुना अनुभव. पण सगळ्यांचेच सगळे निवळत नाही. स्वीडनमध्ये दहा हजारांहून अधिक सीलिअक मुलांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांना पुढे मानसिक विकार होण्याचा धोका इतर मुलांच्या 1.4 पट आढळला. त्यांच्या भावंडांमध्ये तो वाढलेला नव्हता. ह्या दुसऱ्या वाक्याचे महत्त्व प्रू यांच्या काळच्या आयांना विचारावे. तेच घर, तीच आई, तोच बाप. आणि भावंडे धड. त्याच देशात आईबापांचाही अभ्यास झाला. खिन्नतेचा विकार त्यांच्यात इतरांहून थोडा अधिक होता, आणि तो विशेष वाढलेला दिसला तो दोन वेळी. एक, निदान होण्याच्या ऐन आधी. ते समजण्यासारखे आहे. मूल झिजते आहे आणि कोणी ऐकत नाही. दुसरा, निदानानंतर काही वर्षांनी. तोवर मूल बरे झालेले असते, पाहुणे चौकशी करायचे थांबलेले असतात. पहारा मात्र उठलेला नसतो. अमेरिकेत झालेला एक अभ्यास सांगतो की पथ्याच्या बाबतीत जे फार दक्ष असतात त्यांचेच जगणे अधिक ओढगस्तीचे असते. पथ्य ढिले करावे तर आतडे जाते, घट्ट धरावे तर मन जाते.

आपल्या देशात हा आजार साहेबांचा, असे पुष्कळ वर्षे समजले जाई. 1966 साली उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सीलिअकवर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख आला. गव्हाच्या मुलखात तो शंभरात एकाच्या आसपास असल्याचे अलीकडच्या पाहणीत निघाले. दिल्लीच्या परिसरात 2011 साली हे प्रमाण शहाण्णवांत एक असे आढळले. भाताच्या दक्षिणेत तो फार कमी आहे. आपण मधले. आमच्या आज्या ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी आणि भात यांवर जगल्या. त्यांच्या ताटात ह्या मुलांना जवळजवळ सगळे चालले असते. पुढे रेशनने, सुबत्तेने आणि प्रतिष्ठेने पोळी रोजची झाली. भाकरी खाणे कमीपणाचे ठरलेल्या गावात आज एका मुलीला भाकरीच खावी लागते आणि डब्याच्या सुट्टीत ती डब्यावर झाकण धरून बसते. तिला भूक नसते असे आम्ही समजत होतो.

त्या आईने मला पुढे पुष्कळ शिकविले. बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, हे मला ठाऊक नव्हते. म्हणजे साधे वरणसुद्धा परके. वेष्टनावर ग्लूटेनविरहित लिहायचे तर किलोमागे 20 मिलिग्रॅमहून कमी ग्लूटेन असावे असा सरकारी नियम आहे. पण शेजारणीने प्रेमाने दिलेल्या वाटीवर वेष्टन कुठले! दिवाळीच्या फराळातले कोणते चालते ते तिने मला बोटांवर मोजून दाखविले. अनारसे चालतात. बेसनाचे लाडू चालतात, पण ते भाजताना कढईला कणकेचा हात लागलेला नसावा. शंकरपाळे, करंज्या नाहीत. चकली भाजणी कोणाच्या गिरणीतली यावर. गिरणीत आधी गहू दळला असेल तर ज्वारीसुद्धा नाही. म्हणून ती पहाटे गिरणी उघडते तेव्हा पहिला नंबर लावते आणि तरीही पहिले मूठभर पीठ टाकून देते.

ह्या वर्षी सरस्वतीपूजनाला आम्ही खडीसाखर आणि खोबरे वाटले. एका पोराने विचारले, "गुरुजी, शिरा का नाही?" मी म्हणालो, "यंदा नाही." ती मुलगी आता सहावीत आहे. तिने हात पुढे केला, खोबरे घेतले, वास घेतला, उलटून पाहिले, आणि खाल्ले नाही. रुमालात बांधले. संध्याकाळी आईला दाखवून मग खाणार होती.